ताबा कोणाकडे

१

दिवसा गाढ झोपता येतं याचा मला भारी तोरा होता. बाकीच्या पायलटांना गोळ्या लागतात, डोळ्यांवर पट्ट्या लागतात. मला उशी पुरायची. रात्रभर विमान चालवायचं, सकाळी कंपनीच्या कॅबमध्ये बसून एक्स्प्रेस-वेनं खोपोली गाठायची, नानांनी पुढे केलेला चहा नको म्हणायचा आणि मागच्या खोलीत जाऊन पडायचं. खिडकीच्या काचांना मी काळा कागद चिकटवला होता. खाली शिळफाट्याचा अख्खा बाजार, बोरघाट उतरून आलेल्या ट्रकांचे ब्रेक, समोरच्या क्लासमधली पोरं. बोंबलू देत सगळे. माझी कूस बदलत नसे.

नाना म्हणजे माझे वडील. इथल्या वीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये शिफ्ट करत करत रिटायर झाले. आई गेल्यावर एकटे पडले. त्याच सुमारास कंपनीनं माझा बेस नव्या विमानतळावर टाकला, म्हणून मी मुंबईतली खोली सोडून त्यांच्याकडे राहायला आले. माणूस तसा गरीब, पण एक खूळ आहे. रिकाम्या खोलीत पंखा चालू दिसला की त्यांचा पारा चढतो. "वीज काय झाडाला लागते?" असं पुटपुटत घरभर बटणं बंद करत फिरतात. मी जरा बाथरूमला गेले तरी परत येईपर्यंत पंखा थांबलेला. यावरून आमचं रोज वाजायचं.

त्या दुपारी मी उठून बाहेर आले तेव्हा नाना शब्दकोडं सोडवत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "झोपेत बडबडतेस हल्ली."

"काय बडबडते?"

"तुमचं ते विमानातलं. यू हॅव्ह कंट्रोल."

मी हसले. म्हटलं, "नाना, झोपेत शिव्या देत नाही हेच नशीब समजा. एवढं राबवतात आम्हाला."

"ते ठीक आहे गं." त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "तू बोललीस ते मला कळलं. तुला उत्तर कोण देत होतं?"

२

हे उत्तराचं प्रकरण आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

विमानात दोघे जण असतात. डावीकडे कॅप्टन, म्हणजे मी. उजवीकडे को-पायलट. चालवणारा एका वेळी एकच. दुसऱ्याच्या हाती विमान द्यायचं असेल तर तोंडानं म्हणायचं, यू हॅव्ह कंट्रोल. ताबा तुझ्याकडे. समोरच्यानं म्हणायचं, आय हॅव्ह कंट्रोल. घेतला. हे उत्तर कानावर पडल्याशिवाय हात काढायचा नाही, आणि एकदा पडलं की पुन्हा हात लावायचा नाही. परत हवा असेल तर मागायचा, आणि समोरच्यानं तोंडानं दिला तरच तो तुमचा. पहिल्या दिवसापासून हे इतकं घोटून घेतात की घरात मिठाची बरणी देतानाही तोंडातून निघतं.

झोपेत निघालं तर नवल नव्हतं. मी दोन्हीकडचं बोलत असणार, पहिला आवाज माझा आणि उत्तरही माझंच. नानांचं कानातलं मशीन नवीन होतं. शेजारच्यांचा टीव्ही भिंतीतून ऐकू येत असेल. मी त्यांना हे सगळं ठणकावून सांगितलं.

"आवाज तुझाच होता," ते म्हणाले. "पण दोन्ही एकाच वेळी येत होते गं. एक संपायच्या आत दुसरा."

मी म्हटलं, "नाना, मशीनची बॅटरी बदला."

मनातून मात्र मी चरकले होते. भुताखेताचं काही मनात नव्हतं, भीती माझ्या डोक्याची होती. आमचं रोस्टर बघितलंत तर तुम्हीही चरकाल. रात्रीच्या ड्युटीनंतर पहाटेची, पहाटेच्या नंतर पुन्हा रात्रीची. कागदावर विश्रांती पूर्ण दिसते, पण त्यात कॅबचा प्रवास, अंघोळ, जेवण आणि मध्येच वाजणारा कंपनीचा फोन, सगळं विश्रांतीत धरलेलं. आजारी आहे म्हटलं तर डॉक्टरसमोर उभं करतात. थकले आहे असं लेखी दिलं तर "तपासले, मान्य नाही" असा शेरा येतो आणि पुढच्या महिन्याचं रोस्टर आणखी वाईट होतं. ते मुद्दाम करतात, आणि करतात हे सगळ्यांना माहीत आहे. असल्या डोक्यानं झोपेत दोन आवाजांत बोललं तर दोष कोणाला द्यायचा?

३

आमच्याकडे कामाला जना येते. डोंगरावरच्या वाडीतून उतरते, दुपारचा स्वयंपाक, केरवारे करते आणि ऊन कलायच्या आत परत चढते. बोलायला फटकळ, मला आवडते.

एकदा मी उठून बाहेर आले तर ती तोंड फुगवून भांडी घासत होती.

"काय झालं गं?"

"माज्यावर राग हाय का ताई?"

"कसला राग?"

"मगाशी च्या घेऊन गेलात. मी हाक मारली तर बोलला नाय. वर बघितलं पन नाय. सरळ खोलीत."

"जना, मी आत्ता उठतेय."

तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि माझ्या गाऊनकडे बघितलं. "ह्यो नव्हता अंगावर. तो पांढरा शर्ट व्हता, पट्टीवाला."

पट्टीवाला म्हणजे माझा युनिफॉर्म. खांद्यावर पट्ट्या असतात तो. तो खोलीत हँगरला होता. मी आत गेले. शर्ट हँगरलाच होता, इस्त्री जशीच्या तशी, पण कॉलर ओलसर लागली. दिवस उकाड्याचे होते, काल धुतलेला असेल, वाळला नसेल. मी स्वतःला असलं काहीबाही सांगत होते.

मग कप दिसला. मी पलंगाच्या डाव्या बाजूला झोपते. सारखं डाव्या सीटवर बसून माझा पाण्याचा तांब्या, मोबाईल, चष्मा, सगळं डाव्या हाताला असतं. उजवी बाजू भिंतीकडची, तिथे कोणी झोपत नाही, तिथला छोटा स्टूल रिकामाच असतो. कप त्या स्टुलावर होता. तळाला चहा राहिला होता आणि त्यात साखर होती. मी साखर घेत नाही. उजवीकडच्या उशीला मधोमध खळगा पडला होता.

"जना, खोली झाडून घे," मी ओरडले.

ती उंबऱ्यापर्यंत आली आणि झाडू तिथेच भिंतीला टेकवला. "आत नाय मारनार झाडू, ताई."

"का?"

"तुमी झोपलेल्या असता ना."

"अगं बाई, मी तुझ्यासमोर उभी आहे!"

"तरी पन," ती म्हणाली, आणि डबा उचलून निघून गेली. दुसऱ्या दिवसापासून तिनं फक्त स्वयंपाकघरापुरतं काम ठेवलं.

४

मी ठरवलं, आता बास. कंपनीला कळवायचं की मी उडवण्याच्या अवस्थेत नाही, काय वाकडं करायचंय ते करा. रोस्टरच्या विभागात समीक्षा नावाची मुलगी असते. आमच्या सुट्ट्या खाण्याचं काम तिचं, पण आवाज असा गोड की शिवी घशातच अडकते. मी फोन लावला.

"समीक्षा, उद्याची ड्युटी मी घेणार नाही. थकव्याचा रिपोर्ट परवाच पाठवलाय."

"पण मॅम, तो तर तुम्ही काल मागे घेतलात ना?"

"मी?"

"हो मॅम. दुपारी मी फोन केला होता. उद्याची गुवाहाटी विचारली, तुम्ही लगेच हो म्हणालात. किती छान बोललात, मॅम. आमच्याशी असं कोणी बोलत नाही."

मी काल दुपारी झोपले होते. ते मी तिला सांगितलं, जरा चढ्या आवाजात. नानांनी शब्दकोड्यातून मान वर केली.

"मॅम, कॉल रेकॉर्ड होतात," ती बिचारी घाबरून म्हणाली. "ऐकवू का?"

आणि मी ऐकलं. आवाज माझा होता, यात शंका नाही. पण कंपनीशी मी कित्येक वर्षांत अशी बोलले नव्हते. शांत, हसरा, झोप पूर्ण झालेल्या माणसाचा आवाज. "हो, मी एकदम फिट आहे. रिपोर्ट काढून टाका. परवाच काय, कधीही विचारा. काही हरकत नाही."

मी तिला पुन्हा लावायला सांगितलं. दुसऱ्यांदा मी शब्दांकडे लक्ष दिलं नाही. आवाजाच्या मागे पंख्याची टकटक होती, आमचाच पंखा, त्याचं एक पातं वाकडं आहे. आणि त्याच्याही मागे, अगदी जवळ, कोणीतरी झोपलं होतं. लांब श्वास, शेवटी बारीक शिट्टी. माझं नाक लहानपणापासून तसं वाजतं. आई चिडवायची मला त्यावरून.

"मॅम? उद्याचं कन्फर्म धरू ना?"

नाही म्हणते तर कारण काय देऊ? फोनवर मी नव्हते, मी मागे घोरत होते, हे सांगू? मी फोन ठेवला. नाना विचारत होते, कोण होतं गं.

५

गुवाहाटीला जाताना काही झालं नाही. येताना बरोबर नवीन नावाचा को-पायलट होता. गोड पोरगा, घरी तान्हं बाळ, डोळे लाल. सलग पहाटेच्या ड्युट्या करून तो पार पिचला होता. वर पोचून सगळं स्थिर झाल्यावर म्हणाला, "मॅम, जरा डोळे मिटू का?"

असं आळीपाळीनं मिटतात सगळेच. नाहीतर दोघेही एकदम झोपतील. मी हो म्हटलं. तो म्हणाला, यू हॅव्ह कंट्रोल. मी म्हटलं, आय हॅव्ह कंट्रोल. त्यानं मान टाकली.

ऊन थेट समोरून येत होतं. खाली ढग. मी जागी होते, पाणी प्यायले, जमिनीवरच्या एका कंट्रोलरशी रेडिओवर बोलले. हे सगळं मला आठवतं. सकाळीच कोणीतरी मागच्या दारातून पेपर पुढे दिला होता, तो मी काचेला उन्हासाठी लावला.

नंतर आठवतं ते इंजिनं बंद झाल्यावरची शांतता. विमान उभं होतं. समोर आमचाच विमानतळ. मागे पट्टे सुटल्याचे, बॅगा काढल्याचे आवाज, एक बाळ रडत होतं. माझे दोन्ही हात मांडीवर होते. ताबा दुसऱ्याकडे असला की ठेवतात तसे.

"काय उतरवलंत मॅम!" नवीन म्हणाला. "टेकल्याचंसुद्धा कळलं नाही."

"कोणी उतरवलं, नवीन?"

तो हसला. मग हसणं थांबवलं. "मॅम, एक विचारू? उतरताना तुमचे डोळे मिटलेले होते का? म्हणजे रेडिओवर सगळं बरोबर बोलत होतात, हातही बरोबर. मला वाटलं, ऊन लागतंय."

"तू मला थांबवलं का नाहीस?"

"मलाच धड दिसत नव्हतं, मॅम. मी खरा जागा होतो की नाही तेही कळेना." त्यानं मागच्या दाराकडे बघितलं आणि आवाज बारीक केला. "तुम्ही कुठे बोलू नका हं. मीही झोपलो होतो ना. प्लीज, मॅम."

मागे माणसं एकेक करून उतरत होती. दारात उभी असलेली आमची एअर होस्टेस प्रत्येकाला नमस्कार करत होती, आणि ती सगळी माणसं तिला थँक्यू म्हणत होती. एवढ्या लोकांना मी खाली आणलं नव्हतं. कोणी आणलं, हे मला माहीत नव्हतं, आणि ज्यानं आणलं त्यानं उद्या आणायचं नाही असं ठरवलं तर?

तशीच चीफ पायलटच्या खोलीत गेले. म्हटलं, "सर, मी झोपले होते."

ते खुर्चीतून उठले. दार लावलं.

"तुमच्या उड्डाणांचा डेटा रोज बघतो मी. गेल्या काही दिवसांत इतकं सुंदर कोणी उडवलेलं नाही. जरा धक्का नाही, जरा चूक नाही. उलट त्याआधी तुमचं उडवणं थोडं खडबडीत होतं."

"ती मी नाही, सर."

"हे मी ऐकलं नाही, मॅडम. ऐकलं तर तुमचं लायसन्स गेलं आणि त्या पोराचंही. आणि मग काय? त्या सीटवर कोणीतरी बसणारच आहे. विमान उतरलं ना? झालं तर." ते पुन्हा खुर्चीत बसले. "उद्या दुपारची ड्युटी आहे तुमची. घरी जा. विश्रांती घ्या."

६

नानांना सगळं सांगितलं. ते पोटतिडकीनं काही बोलतील, निदान कंपनीच्या नावानं बोटं मोडतील असं वाटलं होतं. त्यांनी शब्दकोडं बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "आमच्या कंट्रोल रूममध्येही तसंच होतं. पुढच्या शिफ्टचा रिलीव्हर आल्याशिवाय पॅनल सोडायचं नाही. पण एकदा चार्ज दिला की दिला. तू दिलायस गं, झोपेत का होईना. आता परत मागितल्याशिवाय कसा मिळेल? माग तिच्याकडे."

"तिच्याकडे कशावरून?"

"आवाज तुझा आहे ना," नाना म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मागच्या खोलीत गेले. नाना दाराबाहेर खुर्ची टाकून बसले, कानात मशीन घालून. युनिफॉर्म हँगरला होता. काळ्या कागदाच्या कडेनं उन्हाची एक रेघ आत येत होती. बाहेर ट्रक, क्लासची पोरं, स्वयंपाकघरात जनाचं लाटणं. मी पलंगाच्या डाव्या बाजूला बसले आणि मोठ्यानं म्हटलं, "आय हॅव्ह कंट्रोल."

पंखा टकटकत होता.

मी पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा माझा आवाज चिरकला. "ऐकतेस का? दे परत. मागे माणसं असतात. लेकुरवाळ्या बाया असतात, म्हातारी माणसं असतात, कोणाला काही ठाऊक नसतं. तू कोण आहेस ते मला माहीत नाही. दे."

उजवीकडची उशी हळूच दबली. मी मान वळवली नाही. मला वळवता आली असती, पण वळवली नाही.

"किती दमलीस गं," माझाच आवाज म्हणाला. शांत, झोप झालेला. "झोप तू. मी आहे ना."

इतक्या वर्षांत हे मला कोणी म्हटलं नव्हतं. कंपनीनं नाही, डॉक्टरनं नाही, ज्यांना मी लेखी दिलं त्यांनी नाही. सगळे विचारायचे, अजून एक घेता येईल का? मी नाही म्हणणार होते, देवाशपथ नाही म्हणणार होते. विमानातलं ते बाळ मला आठवत होतं, दारातले ते नमस्कार आठवत होते. पण पाठ आपोआप उशीला टेकली आणि हात मांडीवर आले.

"यू हॅव्ह कंट्रोल," मी म्हटलं. या वेळी मी पूर्ण जागी होते.

माझं संपायच्या आत उत्तर आलं.

पलंग हलला. हँगर वाजला. दार उघडलं तेव्हा उजेडात मला एक पाठ दिसली, पांढरा शर्ट, घट्ट बांधलेला अंबाडा, उजव्या हातात माझी बॅग. मी बॅग डाव्या हातात धरते.

"मिळाला का गं परत?" बाहेर नानांनी विचारलं.

"मिळाला, नाना."

"बघ! म्हटलं नव्हतं मी? तोंडानं मागावं लागतं." ते रडत रडत हसत होते. "चहा घेतेस?"

"घेते की. साखर जरा जास्त घाला."

कपबशीचा आवाज झाला. फोन वाजला आणि ती समीक्षाशी गोड बोलली. खाली कॅबचा हॉर्न झाला. मी "नाना" म्हणून हाक मारली, खच्चून मारली. मला माझी हाक नीट ऐकू आली.

"सांभाळून जा गं," नाना जिन्यापाशी म्हणाले.

"हो नाना. तुम्ही वेळेवर जेवून घ्या."

असं मी त्यांना कधी म्हटलं नव्हतं. कॅबचं दार लागलं. गाडी शिळफाट्याच्या गर्दीत शिरली, तिचा आवाज इतर आवाजांत मिसळून गेला. नाना गॅलरीत उभे राहून हात हलवत असणार. बऱ्याच वेळानं त्यांच्या चपला घरात वाजल्या. ते जनाला काहीतरी सांगत होते, आज पोरगी किती दिवसांनी धड बोलली म्हणून. जनाचं लाटणं थांबलं होतं.

मग ते खोलीच्या दारात आले. मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी पलंगाकडे बघितलं, उशा बघितल्या, खिडकी बघितली. चेहऱ्यावर असं समाधान होतं की माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"पंखा चालू ठेवून गेली बघ," ते लाडानं पुटपुटले. "वीज काय झाडाला लागते?"

त्यांनी बटण बंद केलं आणि दार ओढून घेतलं.

वाकडं पातं दोनतीनदा टकटकलं आणि थांबलं. हात मांडीवरून उचलायला मी बघितलं, ते उचलेनात. मग मी डोळे मिटले. पाचला उड्डाण होतं, तोवर तरी झोप लागेल असं वाटलं होतं. लागली नाही.